बुंधा कोणत्या भिंतीवर

ईशान, गेल्या महिन्यात तू तिकडून, परदेशातल्या तुझ्या घरामागच्या मोकळ्या जागेचे तीन फोटो पाठवलेस आणि खाली एकच ओळ लिहिलीस : आजी, गॅरेजवर लाकडी कड्यांचं सपाट छत टाकायचं आहे, कोणतं लाकूड घेऊ आणि किती जाड? मी फोनवरच उत्तर लिहायला बसले. चार ओळी झाल्या, मग दहा झाल्या, मग माझा चष्मा आणि माझा अंगठा दोघंही थकले. त्याच आठवड्यात आमच्या पांढरकवड्याच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला होता, की वखारीच्या दिवसांवर काहीतरी लिहून द्या. म्हणून दोन्ही कामं एकाच कागदावर करते आहे. मीरा, भावाबरोबर हे तुझ्यासाठीही आहे, पण तू जोडाक्षरांवर अडखळतेस हे मला ठाऊक आहे. तू आईकडून वाचून घे. अंकाच्या वाचकांनी एका आजीचं पत्र चुकून आपल्या हाती आलं असं समजावं.

तुम्ही दोघांनी वखार पाहिली ती बंद झाल्यानंतर, कुलूप लावलेली. माझ्या डोळ्यांपुढे आहे ती चालू वखार : रस्त्याला लागून टिनाची शेड, आत आरा, बाहेर जातवारीने रचलेले ओंडके आणि बल्ल्या, म्हणजे न चिरलेले गोल वासे, आणि सगळीकडे भुशाचा तो ओलसर, किंचित कडवट वास. सागवानाचा भुसा एकदा नाकात बसला की बाकी कुठलंही लाकूड बिनवासाचं वाटतं.

मी या धंद्यात कशी पडले, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलंच असेल. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, गणितात बीएस्सी झालेली मुलगी लाकडाच्या वखारवाल्यांच्या घरात आली. तुमच्या आजोबांना कॉलेजात शिकवण्याखेरीज कशात रस नव्हता. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि जंगल खात्याच्या डेपोत लिलावाला गेल्यावर ओंडक्यांवरचे आकडे त्यांना वाचता येईनात. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडावर हातोड्याने ठोकलेला शिक्का आणि नंबर असतो, लांबी-गोलाई लिहिलेली असते. ते वाचून दाखवायला मामंजी मला बरोबर नेऊ लागले. डेपोतल्या पन्नास पुरुषांत मी एकटी बाई, हातात वही. पहिल्या वर्षी मी फक्त वाचत होते. दुसऱ्या वर्षी ते हळूच विचारू लागले, "सूनबाई, गाभा कसा दिसतो?" तिसऱ्या वर्षी बोली मीच लावली.

ईशान, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या गाभ्यातच आहे. झाडाच्या आतला पिकलेला भाग म्हणजे गाभा. बाहेरचा फिकट भाग म्हणजे पांढरं. गाभ्याला कीड सहसा हात लावत नाही, पांढऱ्याला भुंगा पोखरतो. छताच्या कडीत, म्हणजे भिंतींवर आडव्या टाकलेल्या लाकडात, पांढरं जेवढं कमी तेवढं बरं. गाठ असली तर ती कडीच्या टोकाकडे चालेल, मध्यावर खालच्या अंगाला नको, कारण कडी वाकते तेव्हा ताण तिथेच येतो. लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड छतावर चढल्यावर वाळतं, आणि वाळताना पीळ खातं. हे मी हजार गिऱ्हाइकांना सांगितलं आणि त्यातल्या नऊशेंनी मान डोलावून स्वस्त तेच नेलं.

गिऱ्हाइकं फार मजेची असत. उमरखेडहून एसटीने येणारे एक मास्तर होते. ते प्रत्येक फळीला कान लावून बोटाने टकटक करायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. त्यांनी पाटासाठी लाकूड निवडलं तेव्हाही असंच ऐकलं. मी विचारलं, काय ऐकू आलं? ते म्हणाले, काही नाही, पण ऐकल्याशिवाय घेतलं असं वाटू नये. दुसरे एक शेतकरी होते, ते मुलीच्या लग्नाच्या पलंगासाठी लाकूड घ्यायला आले आणि तीन तास निवडून शेवटी एक ओंडका दाखवून मला म्हणाले, हा माझ्यासाठी ठेवा, माझ्या सरणाला. मी चिडले, हसले आणि ठेवलासुद्धा. पुढे अकरा वर्षं ते दर दिवाळीला येऊन तो जागेवर आहे ना, हे बघून जायचे. शेवटी त्यांनीच त्याचा नातवासाठी झोपाळा करून नेला.

पण तुझ्या गॅरेजला उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच आहे, आणि ती माझ्या चुकीची आहे. ती मी तुमच्या आजोबांनाही अर्धीच सांगितली होती.

हिरामण राठोड हा बंजारा समाजातला तिशीतला माणूस. त्याचा तांडा केळापूरच्या पलीकडे, चढावर. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव फिरत. हिरामणकडे शेती होती, पण त्याचा जीव रस्त्यात होता. त्याने एक जुनी जीप घेतली आणि तांड्यावरून पांढरकवड्याला माणसं, भाजीची पोती, आजारी माणूस, शाळेची मुलं, जे मिळेल ते नेऊ-आणू लागला. ती जीप त्याला सख्ख्या भावासारखी होती. पहिल्या पावसाळ्यात ती उघड्यावर भिजली आणि तिच्या तळाला गंज चढला, तेव्हा तो वखारीत आला.

"काकू, जीपेले घर बांधाचं हाये," तो म्हणाला. "पन टिन नाई टाकाचं. धाबा टाकाचा."

धाबा म्हणजे मातीचं सपाट छत. भिंतीवरून भिंतीवर लाकडाच्या कड्या टाकायच्या, त्यांवर बांबूचं तट्टं, त्यावर पळसाची पानं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, वर वीतभर माती आणि मुरूम चोपून बसवायचा. वरच्या सपाट जागेवर तूर, मिरच्या, कुरडया वाळत घालता येतात. हिरामणच्या घराला लागून बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब खोली काढायची होती. एका बाजूला घराची दक्षिणेची... नाही, थांबा, हे मी नीट सांगते, कारण यातच सगळं आहे. घर दक्षिणेला होतं. त्याला लागून गॅरेज. गॅरेजची दुसरी लांब भिंत उत्तरेला, तिच्यापलीकडे उतार आणि शेत. कड्या या दोन भिंतींवर टेकणार होत्या.

त्याला चौकोनी कापलेल्या कड्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि गरजही नव्हती. मी त्याला सागाच्या गोल बल्ल्या निवडून दिल्या, अकरा. चांगल्या वाळलेल्या, सरळ, बुंध्याकडे सहा इंच आणि शेंड्याकडे चार. झाड वर निमुळतं होत जातं, तशी बल्लीही एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते. मी हिरामणला विचारलं, वर काय ठेवणार? तो म्हणाला, तूर, मिरच्या, दुसरं काय. मी वहीत लिहून घेतलं आणि रात्रीचा स्वयंपाक होण्याआधी भाराचं गणित मांडून ठेवलं. गणित सुरेख सुटलं.

कड्या बसवायला लक्ष्मण मिस्त्री होता. मामंजींच्या वेळचा सुतार, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, बोलायला अत्यंत कंजूष. वखारीतून कड्या न्यायच्या दिवशी तो एकेक बल्ली उचलून गेरूने बुंध्यावर लाल ठिपका काढत होता. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, सारे बुंधे दक्षिणेच्या भिंतीवर येतील, सारे शेंडे उत्तरेला.

मी त्याला थांबवलं. माझ्या गणिताप्रमाणे सगळी बारीक टोकं एकाच बाजूला आली तर छताची ती बाजू कमजोर होईल. एक बुंधा इकडे, पुढच्या कडीचा बुंधा तिकडे, असं आलटूनपालटून ठेवलं तर बळ दोन्हीकडे सारखं. मी जमिनीवर खडूने काढूनही दाखवलं.

"तसं नाई ठेवत, सूनबाई," मिस्त्री म्हणाला.

"का?"

"शेंडा उत्तरेले राह्यते."

"पण का राहतो?"

तो पुढची बल्ली उचलू लागला. "बाप तसाच ठेवे," एवढंच म्हणाला.

मुलांनो, मी इंग्रजी शाळेत शिकले होते. तिथे प्रश्नाला उत्तर नसलं तर उभं राहावं लागायचं. ज्या गोष्टीचं कारण सांगता येत नाही ती गोष्ट मला खरी वाटत नसे. मी ठामपणे, पण गोड बोलून सांगितलं, की या वेळी माझ्या पद्धतीने करू. वखार माझी, गिऱ्हाईक माझं. मिस्त्रीने गेरूची पुडी खिशात टाकली. कड्या आलटूनपालटून बसल्या. जाड-बारीक टोकांमुळे माथा खालीवर झाला, तो सपाट यावा म्हणून मी प्रत्येक शेंड्याखाली लाकडाचा गुटका घालायला लावला. छत तयार झालं तेव्हा त्यावर गोटी ठेवली असती तरी ती घरंगळली नसती. मला त्याचा फार अभिमान वाटला. हे सगळं चैत्रात झालं.

श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी हिरामण वखारीत आला, अंगावर पोतं पांघरलेलं. जीपवर थेंब पडतात म्हणाला. मी म्हटलं, मातीचं छत आहे, पहिल्या पावसात थोडं गळतं, मग माती बसते. तो जायला वळला आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाला, "थेंबाचं काई नाई काकू. पन वर तीज मांडेल हाये ना, म्हनून सांगतलं."

तीज म्हणजे काय, हे मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. श्रावणात तांड्यातल्या कुमारिका टोपल्यांत माती भरून गहू पेरतात. नऊ दिवस रोज तीन वेळा नटूनथटून, गाणी म्हणत पाणी घालायला येतात, आणि नवव्या दिवशी वाढलेले अंकुर घेऊन नदीवर जातात. टोपल्या नायकाच्या घरी उंचावर मांडतात. हिरामणचे वडील तांड्याचे नायक होते. ते गेल्यावरही तीज त्याच घरी मांडली जाई, पूर्वी बांबूच्या मचाणावर. यंदा घराला इतकं छान, उंच, सपाट छत मिळालं होतं.

"वर कोण जातं पाणी घालायला?" मी विचारलं.

"साऱ्या पोरी. वीस-बावीस असतीन. गाने म्हनते, फेर धरते."

मला तो क्षण अजून जसाच्या तसा आठवतो. माझ्या वहीत वाळलेली तूर होती. छतावर तीन दिवसांचा पाऊस प्यालेली वीतभर माती होती, ओल्या मातीच्या टोपल्या होत्या, आणि वीस मुली दिवसातून तीनदा फेर धरून नाचत होत्या. मी पुरुषाला विचारलं होतं, वर काय ठेवणार. घरातल्या बाईला विचारायला हवं होतं.

मी हिरामणला म्हटलं, आधी लक्ष्मण मिस्त्रीच्या घरी चल.

मिस्त्री ओसरीवर बसून वासल्याला धार लावत होता. मी काय घडलं ते सांगितलं. वाटेत मनात माफीची दोन-तीन वाक्यं जुळवली होती, इंग्रजीत एक आणि मराठीत दोन, पण ती तोंडून आली नाहीत. तो उठला. वासला पोत्यात गुंडाळला, सुताचं बंडल घेतलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. वखारीतून आम्ही एक जाड म्याल, म्हणजे मोठी तुळई, आणि सहा मजबूत बल्ल्या टपावर बांधून घेतल्या.

तांड्यावर पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. मुली सकाळचं पाणी घालून खाली आल्या होत्या आणि पारावर वाकड्यातिकड्या बसून एकमेकींच्या वेण्या घालत होत्या. जीप रिकामी करून बाहेरच उभी केली. मिस्त्रीने आत जाऊन एका कडीच्या दोन टोकांना सूत ताणून धरलं. सूत सरळ होतं, कडी नव्हती. मध्यावर दोन बोटं खाली आली होती. दुसरी कडी तशीच. सगळ्या अकरा तशाच. लाकूड तुटलं नव्हतं, तडाही नव्हता. पण ते थकलेल्या माणसासारखं वाकलं होतं.

मी शिडीवर चढून फक्त डोकं वर काढलं. छताच्या बरोबर मध्ये, गव्हाच्या पोपटी टोपल्यांच्या भोवती, पाणी साचलं होतं, दोन बोटं खोल. पाणी जायला उत्तरेच्या भिंतीत मातीची पन्हाळ बसवली होती. ती कोरडी ठणठणीत. माझ्या सपाट छतावरून पाण्याला तिथवर जायला वाटच नव्हती. पाण्याने छत वाकलं, वाकल्यामुळे आणखी पाणी साचलं, त्याने आणखी वाकलं.

तेव्हा मला बुंधे एका बाजूला का ठेवतात ते कळलं. जाड टोकं घराकडे, बारीक टोकं शेताकडे : काहीही न करता माथ्याला दोन इंचांचा उतार मिळतो. माझ्या गुटक्यांनी तो मी काढून टाकला होता.

हिरामणच्या आईला सगळा तांडा याडी म्हणायचा, याडी म्हणजे आईच. धुरपदाबाई तिचं नाव. सत्तरीची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, कंबरेत किंचित वाकलेली. मी तिच्यापुढे उभी राहिले आणि सांगितलं, की छताला धोका आहे, टोपल्या खाली घ्याव्या लागतील.

"खाली नाई येत," याडी म्हणाली. "मांडली म्हंजे मांडली. नवव्या दिवशी उठते."

हिरामणने तिला तिच्या बोलीत काहीतरी समजावलं. तिने मान हलवली. पारावरच्या मुली वेण्या अर्धवट सोडून ऐकू लागल्या. त्यांतल्या दोघींची लग्नं ठरली होती. त्यांची ही शेवटची तीज होती, हे मला मागून कळलं. माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. एक, हट्टाने टोपल्या उतरवायला लावायच्या, आणि मी पांढरकवड्याला गेल्यावर त्या पुन्हा वर जाणार. दोन, ते छत पाच दिवस धरून ठेवायचं.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो म्हणाला, "टेकू देऊ. मधात म्याल घालू. पन गाडी आत नाई येनार मंग."

हिरामण आपल्या जीपकडे बघत राहिला. छत होतं ते तिच्यासाठी. आभाळ काळंच होतं. "राहू दे बाहेर," तो शेवटी म्हणाला. "भिजन थोडी."

मिस्त्रीने आणि हिरामणने म्याल आडवी, सगळ्या कड्यांच्या मध्याखाली धरली, आणि तिच्याखाली एकेक बल्ली ठोकत उभी केली. बल्लीच्या तळाशी दगड, दगडावर लाकडाची पाचर, पाचरीवर हातोडा. पाचर आत जाईल तशी म्याल वर सरकायची आणि कडी कण्हल्यासारखी करकरायची. मी सूत धरून उभी होते. दोन बोटांचं दीड झालं, मग एक. त्याहून वर मिस्त्रीने जाऊ दिलं नाही. वाकलेल्या लाकडाला एकदम सरळ केलं तर ते मोडतं. नंतर त्याने शिडीवर उभं राहून, छतावर पाय न देता, लांब दांड्याच्या फावड्याने पन्हाळीपर्यंत एक चर ओढला. पाणी आधी विचार केल्यासारखं थांबलं आणि मग गढूळ होऊन धो धो बाहेर पडलं. मुली टाळ्या वाजवू लागल्या.

दुपारच्या पाण्याची वेळ झाली. मुलींनी घागरी उचलल्या. मी याडीला म्हटलं, आता हरकत नाही, पण एका वेळी एकीनेच वर जायचं आणि फेर खाली अंगणात धरायचा. तिने हे मान्य केलं. मग शिडीपाशी गेली, पहिल्या पायरीवर आपली काठी आडवी ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"लाकूड तुयं?"

"हो."

"अक्कल कोनाची?"

मिस्त्री पाचरी गोळा करत होता. त्याने वर पाहिलं नाही. तो सहज सांगू शकला असता. मी म्हटलं, "अक्कलही माझीच. मिस्त्रींनी नको म्हटलं होतं."

"मंग पयले तू चढ," याडी म्हणाली, आणि एका मुलीच्या डोक्यावरची घागर उतरवून माझ्या हातात दिली.

त्यात राग नव्हता. मला तर ते अगदी रास्त वाटलं. मी पदर खोचला. शिडीला सात पायऱ्या होत्या. सातवीवरून छतावर पाय ठेवताना मला माझ्या वहीतली सगळी गणितं आठवली आणि त्यांतल्या एकावरही माझा विश्वास राहिला नव्हता. विश्वास होता तो खाली उभ्या असलेल्या सहा बल्ल्यांवर आणि त्या ठोकणाऱ्या हातांवर. ओल्या मातीत पाऊल रुतलं. मी मध्यापर्यंत चालत गेले, कारण टोपल्या मध्यावरच होत्या. खालून मिस्त्रीचा आवाज आला, "चाला सूनबाई, मी कडीले हात लावून हाओ." तो छताखाली उभा होता. त्याला तिथे उभं राहायचं काही कारण नव्हतं.

मी बावीस टोपल्यांना पाणी घातलं. कुणाची कोणती ते ठाऊक नव्हतं, म्हणून सगळ्यांना सारखं. गहू चार बोटं वर आला होता. माझ्या मुलीला, म्हणजे तुमच्या आईला, तेव्हा दहावं लागलं होतं, त्या मुलींमधल्या धाकटीएवढीच.

पुढचे पाच दिवस याडी शिडीच्या पायथ्याशी खाटेवर बसून राहिली. एक मुलगी उतरली की काठी उचलायची, दुसरीला सोडायची, काठी पुन्हा आडवी. फेर अंगणात झाला. जीप बाहेर भिजली. मी रोज जाऊन सूत लावत होते. नवव्या दिवशी मुली टोपल्या डोक्यावर घेऊन नदीकडे निघाल्या, रडत आणि गात. जाताना लग्न ठरलेल्या एकीने गव्हाचे चार अंकुर माझ्या हातावर ठेवले. ते भावाच्या पागोट्यात खोचायचे असतात, हे मला माहीत नव्हतं. मी ते माझ्या वहीत ठेवले, त्या भाराच्या गणिताच्या पानात. वही अजून माझ्याकडे आहे, अंकुरांची पिवळी काडी झाली आहे.

कार्तिकात आम्ही ते छत उघडलं. दोन कड्या मी बदलून दिल्या, बाकीच्या फिरवल्या. माती-चिखलात गेरूचे ठिपके पुसून गेले होते, टोकांवर चिखलाचे थर चढून ती सारखीच दिसत होती, आणि आता बुंधा कुठला ते मी विचारलं. मिस्त्रीने मला एक बल्ली बरोबर मध्यावर दोन तळव्यांवर धरायला लावली आणि डोळे मिटायला सांगितलं. एक टोक आपोआप खाली झुकलं. तो बुंधा. तेवढं सोपं होतं.

मी मोठ्या मनाने म्हटलं, मिस्त्री, शेंडा उत्तरेला का, ते आता मला समजलं, पाणी उतरायला.

तो चकित झाला. "असं हाये काय?" म्हणाला. "मले बी आजच समजलं. बाप शेंडा उत्तरेले म्हने, आमी ठेवो."

आणि मग, मी आणखी विचारलं, घरच उत्तरेला असेल तर? पाणी घराच्या भिंतीत नाही का जाणार? मिस्त्री चक्क हसला. त्याच्या सासऱ्याचं झरीकडचं घर अगदी तसंच होतं. त्यानेच बांधलेलं. दर पावसाळ्यात भिंत ओली व्हायची आणि सासू त्याच्या नावाने बोटं मोडायची. तीस वर्षं त्याला कारण सापडलं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात त्याने सासऱ्याच्या कड्या फिरवल्या, शेंडे दक्षिणेला. बापाच्या विरुद्ध जायला त्याला काय वाटलं असेल, ते त्याने सांगितलं नाही. मला मात्र ज्याला त्याला कारण विचारायची सवय थोडी कमी झाली, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबायची सवय लागली.

मिस्त्री गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्याची त्या दिवशीची माफी मी शेवटपर्यंत शब्दांत मागितली नाही. त्यानंतर प्रत्येक छताला आधी त्याला विचारलं, एवढंच केलं. त्याला ते पुरलं की नाही, कोण जाणे.

तर ईशान, आता तुझं गॅरेज. तुमच्याकडे सागवान मिळणार नाही आणि शोधूही नकोस. तिथे घराला जे लाकूड नेहमी वापरतात तेच घे, वाळलेलं, गाठी कमी असलेलं. कडी रुंद असण्यापेक्षा उंच असलेली बरी, उभी ठेवायची. जाडी किती आणि अंतर किती, ते तिथल्या माणसाला विचार, कारण बर्फाचं वजन तो जाणतो, मी नाही. तुझ्या कड्या मशीनवर कापलेल्या असतील, दोन्ही टोकं सारखी. तिथे बुंधा तुला उतार देणार नाही. तो तुला स्वतः काढावा लागेल, घरापासून लांब. लाकूड लावणारा जर काही बोलला आणि त्याला कारण सांगता आलं नाही, तर त्याला घाई करू नकोस. वर काय ठेवणार हे फक्त स्वतःला विचारू नकोस, मीराला विचार. तुझ्या तिसऱ्या फोटोत ती आणि तिची दोन्ही मुलं त्या मोकळ्या जागेत उभी आहेत, आणि मुलांची नजर वर आहे, जिथे अजून छत नाही. ती वर जाणार. तू नको म्हटलंस तरी जाणार.

म्हणून छत झालं, पाऊस पडून गेला, की घरातली पाण्याची एक बादली भरून घे आणि पयले तू चढ.